सालमनची दोरी वानच्या पाण्यात चालेल का? गळासाठी तंगूस निवडताना काय पाहाल

हिवरखेड : पाऊस उघडला की तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड परिसरात गळ टाकणाऱ्या हौशींची पावले नदी-तलावांकडे वळतात. हल्ली तयारीची सुरुवात मोबाइलवरच्या व्हिडिओंनी होते. त्यातले अनेक व्हिडिओ अमेरिका-कॅनडातील सालमन आणि स्टीलहेड माशांचे असतात. त्यात सुचवलेली महागडी दोरी आपल्याकडे लागतेच असे नाही. निवड चुकली तर पैसे वाया जातात, मासा तोंडात गळ घेऊन सुटतो आणि तुटलेला तंगूस पाण्यात राहून पक्ष्यांच्या पायात अडकतो.

तिकडचा सल्ला वेगळा का?

सालमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो. आपल्या भाषेत चढणीचा मासा. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट. त्यांच्या नद्या थंड, वेगवान आणि अनेकदा नितळ असतात. मासा दोरी पाहून बिचकतो. त्यामुळे गळाजवळ कमी दिसणाऱ्या दोरीचा वेगळा तुकडा जोडतात. वऱ्हाडात काळ्या मातीमुळे पावसाळ्यात पाणी गढूळ होते. अशा पाण्यात न दिसणाऱ्या दोरीसाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

दोरीचे तीन प्रकार

* नायलॉन (साधा तंगूस) : १९३५ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत नायलॉनचा शोध लागला. ही सर्वांत स्वस्त दोरी. ताणली की लांबते, त्यामुळे माशाचा झटका सोसते. मात्र पाणी शोषून थोडी कमजोर होते आणि उन्हाने खराब होते.
* फ्लोरोकार्बन : ही दोरी जड असल्याने लवकर बुडते. प्रकाश वाकवण्याचे तिचे प्रमाण सुमारे १.४२ आहे; पाण्याचे १.३३, तर नायलॉनचे सुमारे १.५३. म्हणून ती पाण्यात कमी दिसते. हिवाळ्यात पाणी नितळल्यावर तिचा उपयोग होतो.
* विणलेली दोरी : पॉलिइथिलीनच्या बारीक धाग्यांची. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी मजबूत, पाण्यावर तरंगणारी आणि जवळजवळ न ताणणारी. पण ती बोट कापू शकते.

जाडीचे गणित

रिळावर जाडी मिलिमीटरमध्ये आणि ताकद किलो किंवा पाउंडात लिहिलेली असते. १० पाउंड म्हणजे सुमारे साडेचार किलो. जाडी ०.२० वरून ०.४० मिमी केली तर ताकद दुप्पट नव्हे, साधारण चौपट होते. कारण ताकद दोरीच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. लिहिलेला आकडाही पूर्ण मिळत नाही. दोरी गाठीशी कमजोर होते आणि बहुतेक वेळा तिथेच तुटते.

कोणत्या माशाला कोणती?

* लहान मासे : ०.२० मिमीच्या आसपास नायलॉन.
* एक ते तीन किलोचे रोहू, मृगळ : ०.३० ते ०.३५ मिमी नायलॉन.
* मोठा कटला : ०.४० ते ०.४५ मिमी नायलॉन.
* मरळ : ती जलपर्णीत, बेशरमाच्या झुडपांत दडते. गळ लागताच तिला बाहेर ओढावे लागते. इथे विणलेली दोरी कामी येते; नसेल तर जाड नायलॉन.

म्हणजे एकच रीळ घ्यायचे असेल, तर ०.३५ मिमीचा साधा तंगूस बहुतेक ठिकाणी पुरतो.

या चुका टाळा

* गाठ आवळण्यापूर्वी पाण्याने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि दोरी तिथे कमजोर होते.
* गळाजवळची दोरी नखाने तपासा. खरखरीत लागली तर तेवढा तुकडा कापून पुन्हा गाठ मारा.
* रीळ उन्हात ठेवू नका.
* दोरी हाताला किंवा बोटाला गुंडाळून मासा ओढू नका.

तुटलेला तंगूस घरी आणा

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. गळाची दोरीही त्याच जातीची आहे. काठावर टाकलेला तुकडा वर्षानुवर्षे कुजत नाही आणि बगळे, पाणकावळे त्यात अडकतात. तुकडे गोळा करून पिशवीत भरा आणि घरी आणा.

गळ टाकण्याआधी परवानगीही पाहा. राज्यात अनेक जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यामुळे आधी त्यांना विचारा. वान अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे परवानगीशिवाय मासे पकडणे गुन्हा ठरू शकतो. आणि पावसाच्या सुरुवातीला अंड्यांनी भरलेले चढणीचे मासे सोडून द्या. पुढच्या हंगामातले मासे त्यांच्याच पोटात असतात.