प्रोग्रेसिव्ह मेटल : कालवा, सैतान आणि नऊ-आठ-सात

चकलांब्यात एखाद्या पोरानं मोबाइलवर मेटल लावलं, की घरातून पहिला शब्द येतो, "बंद कर तो कालवा." दोस्तांचं म्हणणं वेगळं असतं : ही शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या पोरांची गाणी, आपल्याला त्यातलं काय कळणार? आणि कुणीतरी हळूच सांगतं, की यात सैतानाची पूजा असते. तिन्ही मतं प्रामाणिक असतात, पण तिन्हींत चूक आहे. मला हे संगीत मनापासून आवडतं, त्यातही प्रोग्रेसिव्ह मेटल. लांबलचक गाणी, मध्येच बदलणारे ताल आणि अल्बमभर चालणारी एखादी कथा असा तो प्रकार. गेवराई तालुक्यात हरिपाठ, पखवाज आणि हलगी ऐकत वाढलेला कान या संगीतासाठी बराचसा तयार असतो, असं माझं मत आहे.

कालव्याच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे, पण दोष गाण्यापेक्षा स्पीकरचा जास्त. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला साधारण ८२ कंपनांचा असतो, बेस गिटारचा ४१ च्या आसपास. मेटलवाले तर तारा ढिल्या करून त्याहूनही खाली उतरतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून एवढे खालचे स्वर जवळजवळ निघतच नाहीत. बेस जातो, पायानं वाजणाऱ्या ढोलाचा दणका जातो आणि मागं उरतो झांजांचा खणखणाट आणि गिटारची खरखर. पाया काढून घेतलेली इमारत बघून कुणी ती वाकडी आहे म्हणावं, तसं होतं. साधा वायरवाला हेडफोन लावला तरी तेच गाणं वेगळं उभं राहतं.

म्हणून आवाज वाढवायचा, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित असतं. ९० डेसिबलला हीच मुदत चार तासांवर येते. मध्यम आवाजात ऐकलं, तर प्रोग्रेसिव्ह मेटलच्या अल्बममधल्या शांत जागाही सापडतात, आणि त्या पुष्कळ असतात. स्वीडनच्या ओपेथ या बँडचा २००१ चा 'ब्लॅकवॉटर पार्क' घ्या. खर्जातली गुरगुर चालू असते आणि तोच गायक, मिकाएल ओकरफेल्ट, पुढच्या कडव्यात साध्या गिटारवर हळुवार गाऊ लागतो.

त्या गुरगुरीबद्दल दोन शब्द. गायक घसा फाडून ओरडतो, असा समज आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर मांसल घड्या असतात. त्या थरथरवून आणि श्वास पोटातून दाबून धरून हा आवाज काढतात. चुकीच्या पद्धतीनं केलं तर घसा बसतो, हे खरं. पण नीट शिकलेले गायक वर्षानुवर्षं गातात.

आता सैतान. मेटलचा उगम बहुतेक जण ब्लॅक सॅबथ या बँडकडे नेतात. १९६८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात तो निघाला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथं कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढं त्या सैलही केल्या. मेटलचा जो जड, खालचा आवाज म्हणतात, त्याच्या मुळाशी एका कामगाराची ही जखम आहे. भीतिपटांतली चित्रं आणि काळे कपडे हा या संगीताचा नाटकी वेष आहे, आणि काही बँडांनी तो मुद्दाम भडक केला. पण त्यावरून ऐकणाऱ्याचा धर्म ठरत नाही.

मुंबईतच बघा. साहिल मखिजानं २००० साली 'डेमॉनिक रिझरेक्शन' नावाचा बँड काढला. नाव असुरांचं, पण या बँडनं २०१७ मध्ये जो अल्बम केला त्याचं नाव 'दशावतार'. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, क्रमानं. काटेकोर वर्गवारी करणारे याला डेथ मेटलच्या घरात बसवतील, पण रचनेची लांबी, भारतीय वाद्यांचे रंग आणि एका कथासूत्राला धरून राहणं पाहता प्रोग्रेसिव्हच्या वाटेवर हा अल्बम हमखास भेटतो. नवव्या जागी त्यांनी बुद्ध ठेवला आहे. महाराष्ट्रातल्या दशावतारांच्या जुन्या चित्रांत नि शिल्पांत त्या जागी कितीदा तरी विठ्ठल उभा असतो. तेवढ्यापुरतं ऐकणाऱ्याला स्वतःचं चित्र डोळ्यांसमोर आणायची मोकळीक आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज तालाचा आहे. 'हे गणित आहे, आपल्या डोक्यावरून जातं,' असं म्हणतात. पाश्चात्त्य रॉकमध्ये चाराचा ठेका इतका मुरलेला, की सात किंवा नऊ मात्रा आल्या की तिकडच्या श्रोत्याला अडखळल्यासारखं होतं. आपल्याकडे सात मात्रांचा रूपक भजनाला बसलेल्या माणसाला नवा नसतो. तीन, दोन, दोन असे त्याचे भाग हातावर कुणीही दाखवतो. झपताल दहाचा. तेव्हा 'सात' ऐकून घाबरायचं कारण नाही.

मात्र 'म्हणजे हे आपल्याच तालासारखं' असं म्हणणंही चूक. आपल्याकडे ताल एकदा धरला की बंदिश संपेपर्यंत तोच राहतो. सारं कसब त्याच्या आत. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये तालच वाटेत बदलतो. ड्रीम थिएटर या बँडच्या 'द डान्स ऑफ इटर्निटी' या सहा मिनिटांच्या शब्दावाचूनच्या रचनेत ताल शंभराहून जास्त वेळा बदलतो. स्वीडनचा मेशुगा बँड आणखी वेगळं करतो. ड्रमवाल्याचा हात झांजेवर सरळ चार मोजत असतो आणि त्याचे पाय नि गिटार मिळून भलत्याच लांबीचं आवर्तन फिरवत असतात. दोन्ही एकमेकांना सोडून जातात आणि पुढं कुठंतरी नेमके एका ठिकाणी येतात. तिहाई समेवर येते तेव्हा आपल्या तोंडून जी दाद निघते, तिचीच ही जागा आहे.

एक प्रयोग सांगतो. अमेरिकेच्या टूल या बँडचा 'लॅटरलस' हा अल्बम २००१ चा. त्याच नावाचं गाणं नऊ मिनिटांच्या वर चालतं. त्याच्या ध्रुवपदाचा ठेका आधी नऊ मात्रांचा, मग आठचा, मग सातचा, आणि पुन्हा नऊ. पहिल्यांदा ऐकताना पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटते. पण नऊ, आठ, सात यांची बेरीज चोवीस, आणि चोवीस म्हणजे आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची बरोबर तीन आवर्तनं. तिथं मांडीवर भजनी ठेका धरून पाहा. पहिल्या आवर्तनानंतर तुमची सम आणि गाण्याची सम फुटतात. दुसऱ्यानंतरही जुळत नाहीत. तिसरं संपलं की दोघं एकदम समेवर येतात. हातानं हे एकदा कळलं, की ते गाणं पुन्हा कधी गोंधळाचं वाटत नाही. टूलचा ड्रमवादक डॅनी कॅरी आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकला आहे. २००६ च्या 'राइट इन टू' या गाण्यात तबला उघडच ऐकू येतो.

'लॅटरलस' गाण्यातल्या शब्दांची अक्षरं एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी वाढत जातात, मग उतरतात. युरोपात हा क्रम फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाला. आपल्याकडे त्याच्या आधी, बाराव्या शतकात, आचार्य हेमचंद्रांनी तो छंदशास्त्रात मांडला होता. प्रश्न त्यांचा साधा : लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा, मग चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बांधता येईल? चार लघू, दोन लघू नि शेवटी गुरू, मधे गुरू, आधी गुरू, किंवा दोन गुरू. झाल्या पाच तऱ्हा. पाच मात्रांच्या आठ, सहाच्या तेरा. इंग्रजी न येणारा माणूसही हे बोटांवर मोजून ऐकू शकतो.

इंग्रजीवरून आठवलं. मुंबईच्या 'कोशिश' या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा २०१३ चा 'फिरदौस' हा अल्बम पूर्ण हिंदीत आहे. दहा गाणी मिळून एक गोष्ट, पण गाणी मुद्दाम उलटसुलट लावलेली. खरा क्रम ऐकणाऱ्यानं शोधायचा. गाणी सुटी-सुटी ऐकून हा अल्बम हाती लागतच नाही. ड्रीम थिएटरच्या १९९९ च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'चंही तसंच. निकोलस नावाच्या माणसाला संमोहनात मागचा जन्म आठवतो. त्या जन्मी तो व्हिक्टोरिया होता आणि १९२८ साली तिचा खून झाला होता. सत्त्याहत्तर मिनिटं, बारा गाणी. दुसऱ्याच तुकड्यात, शब्द नसताना, पुढं येणाऱ्या धुना ओझरत्या वाजून जातात. तासाभरानं त्यातली एखादी भरल्या गळ्याच्या प्रसंगी परत येते. जो मधूनच गाणं लावतो त्याला ती ओळखू येत नाही, आणि मग तो म्हणतो, यात चाल नाही.

एका बैठकीत कळलं नाही म्हणून अल्बम टाकून देणं, ही सर्रास होणारी गोष्ट. एवढ्या दाट रचना पहिल्या ऐकण्यात कुणालाच पूर्ण कळत नाहीत, वाजवणाऱ्यांनाही त्या बसवायला महिने लागलेले असतात. पहिल्यांदा काहीही मोजू नये, नुसतं शेवटपर्यंत जावं. दुसऱ्यांदा फक्त ड्रम धरावा. हलगीच्या जाड टिपरूचा घुमारा आणि बारीक काडीची सर वेगळी ओळखणाऱ्याला पायाचा ढोल आणि हातातली झांज वेगळी करायला वेळ लागत नाही. तिसऱ्यांदा बेस गिटार, आणि त्यानंतर शब्द समोर ठेवून गायक. सुरुवात 'फिरदौस'पासून करा, कारण भाषा आड येत नाही. मग 'लॅटरलस'. 'दशावतार'ला गुरगुरीची सवय झाल्यावर हात घाला, आणि त्यात नरसिंह येईपर्यंत थांबा.