सहा रंगांखालचा बैल

चिखलीच्या आमच्या घरात वीतभर उंचीचा एक लाकडी बैल आहे, पायांखाली चार चाकं असलेला. तान्ह्या पोळ्यासाठी मामांनी तो नागपूरहून आणला होता. दर दोन-चार वर्षांनी घरातलं कुणीतरी उरल्यासुरल्या ऑइलपेंटचा डबा उघडायचं आणि बैलावर एक हात मारायचं. रंगावर रंग चढत गेला. डोळे बुजले, झुलीवरची नक्षी सपाट झाली. यंदा नातीने विचारलं, "आबा, याला डोळे का नाहीत?" त्याच दिवशी जुना रंग उतरवायचं ठरलं.

गावातल्या एका जुन्या सुतारबाबांना बैल दाखवला. त्यांनी तो उलटा केला, नखाने पोट खरवडून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, रंग तं निंगते. पण त्याच्यासंगं लाकूड निंगलं तं वापस चिकटवता येत नाही."

म्हणून आधी फक्त पोटाखालची रुपयाएवढी जागा घेतली. धारदार पात्याने तिथे उतरता छेद दिला आणि भिंगातून पाहिलं. कांद्याचे पापुद्रे दिसावेत तसे थर दिसले: पांढरा, चंदेरी, पिवळा, निळा, पुन्हा पांढरा आणि तळाशी गेरू. त्याखाली लाकूड.

जुन्या रंगाची खरी भीती शिशाची. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या चकचकीत पिवळ्या, लाल, पांढऱ्या रंगांत ते भरपूर असू शकतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं आणि पोरांचे हात तर सारखे तोंडात. म्हणून असा रंग कोरड्या घासकागदाने कधीच घासू नये, त्याची धूळ घरभर बसते. ब्लो लॅम्पने जाळूही नये, कारण मग तेच विष वाफेतून आणि धुरातून नाकात जातं. माझं हे सांगणं कुणाला अती वाटेल, पण घरात रांगतं मूल असेल तर एवढं पाळाच.

मी अंगणात वर्तमानपत्र अंथरून बसलो. हार्डवेअरच्या दुकानातलं दाट पेंट रिमूव्हर हातमोजे घालून ब्रशने लावलं. मिथिलीन क्लोराइड असलेलं रिमूव्हर तर बंद खोलीत उघडूच नये, त्याची वाफ शरीरात गेली की तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. लावलेल्या भागावर पॉलिथिन झाकून ठेवलं. थोड्या वेळाने रंगाला सुरकुत्या पडल्या, साय धरावी तशा. मग बांबूच्या कामटीने तो लोटला; लोखंडी पातं लाकडात रुततं, कामटी आधी स्वतः झिजते. खोबणीतला रंग दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला आणि टरपेंटाइनच्या फडक्याने पुसून घेतलं. एका शिंगाला एक संध्याकाळ लागली. चौथ्या दिवशी डोळ्याच्या जागी काहीतरी चमकलं. कारागिराने तिथे पितळी चुका ठोकला होता, आणि त्याचं गोल डोकं म्हणजे बैलाचं बुबुळ! इतकी वर्षं तो डोळा आम्हीच रंगवून बंद केला होता.

लाकडाला जे चाललं, ते मातीला चालत नाही. आमच्याच घरात महालक्ष्म्यांचा शाडूचा एक जुना मुखवटा रंग सुटावा म्हणून रात्रभर बादलीत भिजत ठेवला होता. सकाळी रंगाचं साल तेवढं पाण्यावर तरंगत होतं आणि तळाशी गाळ. कच्ची माती पाण्यात विरघळणारच. प्लास्टरही भिजलं की मऊ पडतं. असे मुखवटे भिजवू नयेत. सुटलेले पोपडे हलक्या हाताने काढावेत आणि तेवढीच जागा रंगवावी. प्लास्टिकच्या पुतळ्यांवर ॲसिटोन घातलं तर रंगाबरोबर नाकडोळेही वितळू शकतात. आणि देवघरातले टाक? त्यांचा पत्रा पातळ असतो. कुंकवाचा थर काढायला राख-रांगोळीने घासत राहिलं की पिढी-दोन पिढ्यांत देवाचा चेहराच पुसला जातो.

शेंदराची गोष्ट आणखी वेगळी. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. तेलात कालवून लावला की तेलाशी त्याचा संयोग होतो आणि वर्षानुवर्षांचं कवच कडक होत जातं. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचं असं कवच 2022 च्या पावसाळ्यात, दर्शन काही आठवडे बंद ठेवून, उतरवलं गेलं. हजार किलोहून जास्त शेंदूर निघाला आणि मूळ रूप दिसलं. ते काम जाणकारांच्या हातून झालं.

आपल्या गावोगावच्या पारांवर मात्र वीरगळांना, त्यांवरच्या बोटभर घोडेस्वारांना, हौसेने ऑइलपेंट फासला जातो. दगडाची छिद्रं बुजतात, आतला ओलावा अडकतो आणि वरचा पापुद्रा सुटतो. मग स्वच्छतेच्या भरात कुणी तारेचा ब्रश चालवतं, कुणी ॲसिड ओततं. माझी हात जोडून विनंती आहे, दगडाला हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवा. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारखी संरक्षित स्मारकं तर 1958 च्या कायद्याखाली येतात, तिथे परवानगीशिवाय काहीच करता येत नाही.

सिंदखेडराजाला 2024 साली लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळच्या उत्खननात शेषशायी विष्णूची 1.70 मीटर लांबीची मूर्ती निघाली. पायाशी लक्ष्मी, खालच्या पट्टीवर समुद्रमंथनाच्या लहान लहान आकृत्या. दगड क्लोराइट शिस्ट, म्हणजे मऊ जातीचा. ती जमिनीखाली होती म्हणून आपल्या रंगाच्या डब्यांपासून वाचली, असंच मला वाटतं.

बैल आता बिनरंगाचाच आहे, जवसाच्या तेलाचा एक पातळ हात तेवढा दिला. पोटाखालचा तो उतरता छेद मात्र तसाच ठेवलाय. नात बैल उलटा करते, सहा रंग बोटाने मोजते आणि प्रत्येक रंग कुणी दिला ते विचारते. चंदेरी माझा होता.