धुणंभांडी, वही आणि पेन

मावळातल्या बायकांनी आपलं आयुष्य पहाटे जात्यावर गाऊन ठेवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांतून अशा ओव्या टिपायला सुरुवात केली; पुढे राज्यभरातून जमलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं गेलं, हे फार मोलाचं.

आता जाती थांबली आहेत. तळेगावजवळच्या आंबीत औद्योगिक वसाहत आली, कॉलेजं आली. लोणावळ्यात बंगले होतेच. या पट्ट्यात चार घरची धुणंभांडी करणाऱ्या बाईचं आयुष्य कोण टिपणार?

घरकाम करणाऱ्या बेबी हालदार यांनी आपलं असं आयुष्य स्वतःच लिहिलं. बाराव्या वर्षी लग्न, पाठोपाठ मुलं, नवऱ्याची मारहाण. अखेर तीन मुलांना घेऊन त्यांनी दिल्लीची गाडी पकडली. गुडगावात त्या प्रबोध कुमार या निवृत्त प्राध्यापकांकडे कामाला होत्या. पुस्तकांवरची धूळ पुसताना त्या पानं चाळतात, हे प्रबोध कुमार यांनी पाहिलं आणि वही-पेन आणून दिलं. दिवसभराची कामं उरकल्यावर बेबी बंगालीत लिहीत. २००२ साली त्याचं हिंदी पुस्तक झालं, ‘आलो-आँधारि’. पुढे त्यातला भाग एनसीईआरटीच्या अकरावीच्या हिंदी पुस्तकात आला.

अशा लेखनाला साक्ष-साहित्य म्हणतात. एकीची कहाणी तिच्यासारख्या अनेकींच्या वतीने उभी राहते. ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांनीही मोलकरणीचं काम केलं होतं. त्यांनी सांगितलेली जीवनकथा एलिझाबेथ बुर्गोस यांनी शब्दबद्ध केली आणि ती १९८३ साली प्रसिद्ध झाली. मराठीलाही ही रीत परकी नाही. शांताबाई दाणी यांचं ‘रात्रंदिन आम्हां’ भावना भार्गवे यांनी असंच शब्दांकित केलं.

पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, संघटना बांधली. राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायद्याने त्यांना कामगार म्हटलं, ही मोठी गोष्ट. पण आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापले गेले तेव्हा घरी काय शिजलं, मालकिणीचं मूल सांभाळताना स्वतःचं कुणापाशी ठेवलं, हे कायद्यात मावत नाही. ते मोलकरणीनेच सांगायला हवं. लिहून घेणाऱ्याने तिची बोली जपावी, मजकूर तिला वाचून दाखवावा, नको ते गाळू द्यावं. कामच जाईल अशी भीती असेल तर नाव बदलावं, पण तेही तिला विचारूनच.