काढा, भस्म आणि जंतुनाशक : एका प्रयोगाचे मराठी

मराठीत ‘अर्क’ म्हणजे मुळात ऊर्ध्वपातनाने काढलेला द्रव. ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क. पाने पाण्यात उकळून गाळली की होतो तो काढा. वाटून पिळली तर स्वरस, गरम पाण्यात भिजवून गाळली तर फांट. आयुर्वेदाने हे भेद जपले आहेत, आणि काढा व अर्क यांत आपल्या घरांतही सहसा कुणी गल्लत करीत नाही. विज्ञानाच्या मराठीत मात्र या साऱ्यांसाठी सरसकट ‘अर्क’ लिहिला जातो.

हे सुचण्याचे कारण असे की, आमच्या महाविद्यालयात विज्ञानाच्या पदव्युत्तर प्रकल्पांना एक पानी मराठी सारांश जोडण्याची पद्धत आहे आणि ते सारांश तपासायला माझ्याकडे येतात. त्यांत एक विषय बहुधा दरवर्षी असतो : वनस्पतीच्या साहाय्याने धातूच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार करणे आणि ते जिवाणूंवर चालतात का, हे पाहणे. कधी कडुलिंब, कधी तुळस, कधी कोरफड. धातू बहुतेक वेळा जस्त. शीर्षकाचा साचाही ठरलेला : ‘कडुलिंबाच्या अर्कापासून जंतुनाशक नॅनोकणांची हरित निर्मिती’. मी साहित्याची अध्यापक. रसायनशास्त्र सहकाऱ्यांना विचारून विचारून शिकले. त्यानंतर हे शीर्षक मला जवळजवळ प्रत्येक शब्दाशी अडते.

प्रयोग तसा साधा आहे. दहा-वीस ग्रॅम पाने धुऊन, चिरून शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ६० ते ८० अंश सेल्सिअसला साधारण अर्धा तास तापवतात आणि गाळून घेतात. म्हणजे काढाच. त्यात झिंक नायट्रेट किंवा झिंक ॲसिटेट हा जस्ताचा क्षार विरघळवून ढवळत तापवतात. हळूहळू साका बसतो, किंवा पाणी आटून पिवळसर लगदा उरतो. तो वाळवून सुमारे ४०० अंशांच्या भट्टीत दोनेक तास ठेवला की पांढरी पूड मिळते. ती झिंक ऑक्साइडची असते.

तर कण कडुलिंबा‘पासून’ झाले का? नाही. त्यांतले जस्त क्षारातून आले. पानांतले पॉलिफिनॉल, फ्लॅव्होनॉइड, प्रथिने इत्यादी पदार्थ जस्ताच्या आयनांना धरतात आणि वाढत्या कणांभोवती वेढा घालून ते एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत, हे पाहतात. सारांशांत हमखास एक वाक्य असते : ‘वनस्पतीतील घटक धातूच्या आयनांचे क्षपण करतात.’ चांदीच्या बाबतीत हे बरोबर आहे. तेथे क्षारातल्या चांदीच्या आयनांपासून धातुरूप चांदी बनते. जस्त मात्र क्षारात जितके भारित असते तितकेच ऑक्साइडमध्येही राहते, त्याचे क्षपण होतच नाही. चांदीवरच्या लेखातले वाक्य जस्ताच्या लेखात आले आणि मराठीत जसेच्या तसे उतरले. भाषांतर निर्दोष होते, विधान चुकीचे होते.

आणखी एक गोष्ट. ४०० अंशांच्या भट्टीत पानांतले बहुतेक सेंद्रिय पदार्थ जळून जातात. कडुलिंबाचे काम कणांचा आकार आणि घडण ठरवण्यापुरते असते. पुडीत कडुलिंबाचा गुण उतरला, असे त्यावरून म्हणता येत नाही. ‘हरित’ या विशेषणाबद्दलही माझी तक्रार आहे. तीव्र रसायनांऐवजी पाणी आणि पाने वापरली, एवढ्यापुरते ते ठीक. पण काही पद्धतींत नायट्रेटचा लगदा न धुता तसाच भट्टीत घालतात. नायट्रेटचे विघटन होऊन नायट्रोजन डायऑक्साइडचा विषारी, तपकिरी धूर निघतो. तो हरित कसा?

एका शब्दाबाबत मात्र मराठीची बाजू वरचढ आहे. ‘नॅनो’ ग्रीक भाषेतून आला, अर्थ खुजा. विज्ञानात तो एक अब्जांशासाठी ठरला. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपल्याकडच्या विज्ञानलेखनात रुळलेला ‘अब्जांश’ हा शब्द तेच माप उघड सांगतो. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो आणि ई. कोलाय हा जिवाणू एक-दोन हजार नॅनोमीटर लांब. कण जितका बारीक, तितका तेवढ्याच वजनात पृष्ठभाग जास्त आणि जिवाणूशी गाठ पडण्याची संधीही जास्त.

‘ऑक्साइड’साठी अनेक विद्यार्थी उत्साहाने ‘भस्म’ लिहितात. मोह समजण्यासारखा आहे. यशदभस्म जस्ताचेच; तेही वनस्पतींच्या रसांच्या भावना देऊन, पुटे देऊन करतात. ते बोटांच्या रेषांत शिरते का, पाण्यावर तरंगते का, अशा बारीकपणाच्या कसोट्या रसशास्त्राने लावल्या. ‘रेखापूर्ण’ आणि ‘वारितर’ हे त्यांचे शब्द मला फार आवडतात. काही भस्मांच्या नमुन्यांत नॅनो आकाराचे कण आढळलेही आहेत. पण सगळी भस्मे ऑक्साइड नसतात. गंधकाच्या योगाने केलेल्या ताम्रभस्मात सल्फाइड असू शकते. शिवाय भस्म म्हटले की ते पोटात घ्यायचे औषध झाले. प्रयोगशाळेतली पूड कुणी पोटात घेण्यासाठी केलेली नाही. पूर्वजांचा मान भस्माच्या कसोट्या नीट समजावून सांगण्याने राखला जाईल. सारांशात एक शब्द बदलण्याने नाही.

सर्वांत घातक शब्द ‘जंतुनाशक’. एकतर ‘जंतू’त जिवाणू, विषाणू, बुरशी सगळेच येतात, चाचणी झालेली असते दोन-तीन जिवाणूंवर. दुसरे असे की, या चाचणीत नाश दिसतच नाही. आगरच्या थरावर जिवाणू पसरतात, त्यात छोट्या खळ्या पाडून पूड मिसळलेले पाणी भरतात आणि ३७ अंशांना एक दिवस ठेवतात. खळीभोवती जिवाणू वाढले नाहीत तर स्वच्छ कडे दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. कडे सांगते की वाढ रोखली गेली. जिवाणू मेले की थबकले, ते पुढच्या चाचणीशिवाय कळत नाही. म्हणून ‘जिवाणुरोधक’. कण न विरघळणारे असल्याने आगरमध्ये फारसे पसरतही नाहीत. तेव्हा दोन प्रयोगशाळांची कडी शेजारी ठेवून श्रेष्ठत्व ठरवणेही व्यर्थ.

हा निव्वळ शब्दच्छल नाही. दोन वर्षांपूर्वी असाच एक सारांश एका स्थानिक वृत्तपत्राने ‘कडुलिंबातून प्रतिजैविकाला पर्याय’ अशा मथळ्याखाली छापला. चार दिवसांनी एक गृहस्थ महाविद्यालयात आले. वडिलांना मधुमेह, पायाची जखम भरत नव्हती. ती पूड थोडी मिळेल का, असे विचारत होते. आमच्या सहकाऱ्यांनी त्यांना समजावून शल्यचिकित्सकाकडे धाडले. त्या गृहस्थांचे वाचन चुकले नव्हते. छापलेल्या शब्दांचा सरळ अर्थ तोच होता. जिवाणू प्रतिजैविकांना दाद देईनासे होतील, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता आणि आज तो खरा ठरतो आहे. त्यामुळे असे प्रयोग व्हायलाच हवेत. झिंक ऑक्साइडच्या कणांतून सुटणारे जस्ताचे आयन, कणांमुळे तयार होणारी ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे, पेशीच्या आवरणाला होणारी इजा, असे परिणामाचे मार्ग सांगितले जातात. कापडावर किंवा वेष्टनांवर थर देण्यासाठी त्यांचा विचार होतो. पण धुण्याच्या पाण्यातून ओढ्यात जाणारे जस्त जलचरांनाही बाधते.

आता सारांश हातात आला की, मी शब्दांआधी खळ्या मोजते. एकीत विद्यार्थ्यांची पूड, दुसरीत नुसता काढा, तिसरीत नुसता झिंक नायट्रेट, चौथीत बाजारातले साधे झिंक ऑक्साइड, पाचवीत माहितीचे प्रतिजैविक, सहावीत नुसते पाणी. यांतली दुसरी, तिसरी किंवा चौथी नसेल, तर कड्याचे श्रेय कडुलिंबाला द्यायचे की जस्ताला, की कणांच्या आकाराला, हे ठरवता येत नाही. मग मी सारांश रसायनशास्त्र विभागाकडे परत पाठवते. तो दुरुस्त करणे व्याकरणाच्या आवाक्यातले नसते.