जुन्या हार्ड डिस्क : फोडाव्यात की तशाच विकाव्यात?

जळोची, बारामती, इंदापूर या पट्ट्यात कारखाने, पतसंस्था, शाळा पुष्कळ आहेत. तेथले जुने संगणक शेवटी भंगारवाल्याच्याच काट्यावर येतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने बंद केल्यापासून असे संगणक बदलण्यास आणखी एक कारण मिळाले आहे. त्यातील हार्ड डिस्कचे काय करावे, हा प्रश्न आमच्या व्यापारी बांधवांसमोर आहे.

आधी माल ओळखावा. टेबलावरच्या संगणकाची साडेतीन इंची डिस्क साधारण अर्धा किलो भरते. तिची पेटी ॲल्युमिनियमच्या कास्टिंगची असते, खाली हिरवा बोर्ड व आत एक छोटी मोटर, चकचकीत तबकड्या आणि निओडिमियमचे लोहचुंबक. लॅपटॉपची डिस्क लहान व हलकी, तिच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात. त्या फुटून डोळ्यांत उडतात. नव्या एसएसडीत मात्र बोर्डाखेरीज काढण्यासारखे फारसे काही नसते.

आता हिशेब. चांदणीच्या तोंडाचा टॉर्क्स पेचकस घेऊन एक डिस्क खोलायला दहा मिनिटे धरली, तर शंभर नगांना सोळा-सतरा तास, म्हणजे दोन दिवसांची मजुरी लागते. माल निघतो एकूण पन्नास किलोच्या आसपास. म्हणून आमचा सल्ला असा की, सगळा लॉट फोडण्यापूर्वी दहाच नग खोलावेत. ॲल्युमिनियम, पत्रा, बोर्ड, चुंबक वेगवेगळे तोलावेत आणि प्रत्येकाचा त्या दिवशीचा भाव विचारावा. बेरजेतून शंभर मिनिटांची मजुरी वजा करावी. उरलेली रक्कम दहा अखंड डिस्कच्या भावापेक्षा जास्त भरली, तरच पुढे फोडावे. बोर्डावरील सोन्याच्या मुलाम्याचा फार बोलबाला आहे, पण तो अतिशय पातळ असतो. त्या आशेवर चढा भाव देऊन लॉट उचलू नये.

चालू डिस्क फोडणे म्हणजे हातचा नफा घालवणे होय. ती तपासून वापरासाठी विकली तर भंगारापेक्षा चांगले पैसे येतात. मात्र आतील माहिती ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. नुसते फॉरमॅट केल्याने ती जात नाही. संपूर्ण डिस्कवर नवी माहिती लिहून जुनी पुसावी लागते. बंद डिस्कच्या तबकड्यांना छिद्रे पाडावीत, काचेच्या असतील तर जाड कापडात गुंडाळून फोडाव्यात. हे काम चोख करणाऱ्याकडेच पतसंस्था पुन्हा माल देईल.

बोर्ड जाळणे किंवा तेजाबात टाकणे मुळीच करू नये. मुरादाबादेत याच उद्योगाने रामगंगेच्या काठची माती व पाणी जड धातूंनी नासले, आणि धूर तर आधी कारागिराच्याच छातीत जातो. बोर्ड साठवून नोंदणीकृत कारखान्याला द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल दुरुस्त करून विकणाऱ्यांना व गाळणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीची अट आहे. आपले काम त्यात कोठे बसते, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. लॉट जप्त झाला तर दहा नगांचा हिशेब कितीही बरोबर असून उपयोग नाही.