टेंडर भरण्याआधी खर्च वाचा



लागणीआधी आपण माती तपासतो, मगच खताची मात्रा ठरवतो. सरकारी काम धरताना मात्र आपली मुलं हा क्रम सोडतात. परवा गटात फिरताना एका सभासदाचा मुलगा भेटला. पाइप-फिटिंगचं दुकान. पंचायतीचं काम मिळेल या आशेवर उधारीनं माल भरला, तो वर्षभर पडून राहिला. आम्ही त्याच्याच मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडून दाखवलं. त्याच्या पंचायतीनं बराच पैसा गटारावर घातला होता, पाइपावर नाही. "साहेब, हे आधी कुणी सांगितलंच नाही!" पोरगं म्हणालं.

२०२० पासून ग्रामपंचायतींचा आराखडा व खर्च तिथे कोणालाही पाहता येतो. म्हणून आमचं सांगणं एवढंच :

१) मागील तीन वर्षांत पैसा कशावर गेला ते वहीत उतरवा, चालू आराखड्याशी ताडून पाहा.

२) राज्याच्या महाटेंडर्सवर निकाल लागलेल्या निविदा पाहा. काम किती रकमेला गेलं ते कळतं. त्या दरात आपला खर्च निघत नसेल तर हात आखडता घ्या.

३) उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका. केंद्राच्या खात्यांना २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांची.

माहिती फुकट आहे, माल उधारीचा असतो. अडलं तर गट ऑफिसला या, सोबत बसून पाहू.

— ऊस विकास अधिकारी