गव्हाणीला पेलेल तेवढाच ऊस
(लेखमाला : कामाचा फळा – भाग ९)

मागच्या भागात आपण सॉफ्टवेअरच्या फळ्यावर तीन रकाने आखले होते : करायचे, चालू, झाले. त्यानंतर आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न पाच-सहा जणांनी आपापल्या शब्दांत विचारलाय. ‘चालू’ रकान्याला पाचाची मर्यादा घातली. सहावे कार्ड सरकवले तर रकाना लालभडक झाला, पण कार्ड निमूट आत गेले. सातवेही गेले. मग मर्यादा घातली कशाला? सॉफ्टवेअर अडवत का नाही?

जिरा या सॉफ्टवेअरमध्ये हे असेच होते. रकान्याला कमाल आकडा दिला आणि तो ओलांडला की रंग बदलतो, हात कुणी धरत नाही. सेटिंगमध्ये कुठे कळ राहून गेली असेल म्हणून शोधू नका. रकाना लाल झाल्यावर काय करायचे हे माणसांनी ठरवायचे असते. पण ही मर्यादा असते कशासाठी, हे कळल्याशिवाय तो लाल रंग नुसता डोळ्यांना त्रास देतो.

हा प्रश्न मी पळसदेवला, घरच्या ओट्यावर वाचला. महिन्यातले दहा-बारा दिवस मी इथूनच काम करतो. डिसेंबर आहे. पुणे-सोलापूर हायवेच्या कडेने दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हलत-डुलत चाललेत, मागे गाण्यांचा दणदणाट. इंदापूर-बारामतीत या दिवसांत कुठल्याही दिशेला तोंड करा, कुठल्या ना कुठल्या कारखान्याची वाट असते : बिजवडीचा कर्मयोगी, भवानीनगरचा छत्रपती, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अॅग्रो. त्यामुळे उत्तर इथूनच देतो. पुण्याच्या मीटिंग रूममध्ये ते सांगायला मला चार स्लाइड लागल्या असत्या.

ऊस तयार झाला म्हणून कुणी उठून तोडायला लागत नाही. लागण झाली की कारखान्याच्या शेतकी खात्यात नोंद होते : कुणाचा, कुठल्या गटातला, कुठली जात, कुठल्या तारखेची लागण. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशी वर्गवारी लागते. गाळप सुरू झाले की त्या नोंदीवरून तोडणीचा कार्यक्रम निघतो आणि स्लिपबॉय चिठ्ठी आणतो. चिठ्ठी आली की टोळी फडात उतरते. चिठ्ठीशिवाय तोडलेला ऊस म्हणजे बांधावर पडलेली वैरण-काडी, काट्यावर त्याला कुणी विचारत नाही.

आता त्या चिठ्ठीकडे नीट बघा. ती शेतातून निघत नाही, कारखान्यातून निघते. गव्हाण, म्हणजे मिलमध्ये ऊस ओढून नेणारा पट्टा, किती ऊस ओढू शकते त्यावर किती चिठ्ठ्या वाटायच्या ते ठरते. मिलमध्ये बिघाड झाला तर फडाफडात निरोप जातो, ‘तोड बंद’. कोयते खाली ठेवतात, बाया मोळ्या बांधायच्या थांबतात, मुकादम बिडी शिलगावतो. फडात काम करायला माणसे आहेत, कोयत्याला धार आहे, ऊस उभा आहे, तरीही थांबायचे. कारण उभा ऊस टिकतो, तोडलेला टिकत नाही. तोडल्यापासून चोवीस तासांत गाळला तर ठीक. पुढे वजन घटते, साखरेचा उतारा पडतो.

‘करायचे’ रकान्यातले कार्ड म्हणजे उभा ऊस आणि ‘चालू’तले कार्ड म्हणजे तोडलेला ऊस. हे एवढे लक्षात राहिले तरी या भागाचे काम झाले. अर्धवट लिहिलेला प्रोग्रॅम, अर्धवट तपासलेला अहवाल, पाठवून ठेवलेले पण उत्तर न आलेले पत्र, हे सगळे वाळत पडलेले असते. पंधरा दिवसांनी त्याला हात लावाल तेव्हा निम्मा वेळ आपण काय करत होतो हे आठवण्यातच जातो.

फळ्याच्या या पद्धतीला ‘कानबान’ म्हणतात, जपानीत त्याचा अर्थ पाटी. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ही पद्धत बसवली, ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या कल्पनेवरून. गिऱ्हाइकाने फळीवरून वस्तू उचलली की तेवढीच मागून भरायची. पुढच्या माणसाने सुटा भाग वापरला की त्याच्यासोबतचे कार्ड मागच्या माणसाकडे परत जाते आणि तो तेवढाच भाग पुन्हा बनवतो. कार्ड नाही, तर काम नाही. आमच्याकडे चिठ्ठी नाही, तर तोड नाही. ओनोंना कुणी गाळपाच्या दिवसांत इकडे आणले असते तर दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे बघून हसली असती.

सॉफ्टवेअरच्या कामात ही गोष्ट आली त्याचा एक धागा आपल्या शेजारी, हैदराबादेत आहे. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एका दुरुस्ती-देखभालीच्या चमूकडे मागण्यांचा ढीग साचला होता आणि एकेक मागणी पुरी व्हायला महिनोन् महिने लागायचे. काम करणारी माणसे हैदराबादेत होती आणि कामात कमी नव्हती. मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्हिड अँडरसन यांनी चमूच्या व्यवस्थापकाच्या मदतीने पाहिले तेव्हा कळले, की प्रत्येक नव्या मागणीला ‘किती दिवस लागतील’ याचा अंदाज काढण्यातच चमूचा बराच वेळ खर्च होत होता. अंदाज काढणे थांबवले, एका वेळी हातात किती मागण्या घ्यायच्या त्याला मर्यादा घातली. माणसे तीच राहिली आणि महिन्यांचे काम काही आठवड्यांवर आले.

यामागचे गणित जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध करून दाखवले. गाडीतळावर कुणालाही ते तोंडी करता येईल. समजा कारखाना ताशी दोनशे टन गाळतो आणि ट्रॉलीच्या एका जोडीत वीस टन बसतो. म्हणजे तासाला दहा जोड्या रिकाम्या होतात. तळावर १२० जोड्या उभ्या असतील तर शेवटच्या ड्रायव्हरचा नंबर बारा तासांनी. ३०० असतील तर तीस तासांनी, म्हणजे तोवर उसाची चिपाडे व्हायला लागली. जास्त चिठ्ठ्या वाटून गव्हाण जोरात फिरत नाही, रांग तेवढी लांबते. हेच फळ्यावर मांडा. आठवड्याला सहा कार्डे ‘झाले’मध्ये जात असतील आणि ‘चालू’त चोवीस असतील, तर आज हातात घेतलेले काम सरासरी चार आठवड्यांनी पुरे होणार. हा हिशेब कामाची आवक-जावक साधारण सारखी असताना लागू पडतो, पण तेवढ्यावर साहेबाला तारीख सांगायला हरकत नाही. मर्यादा घालायची ती यासाठी.

आता म्हणाल, मर्यादा फार कमी ठेवली तर माणसे रिकामी बसतील. बसतील. कारखान्यात त्याला ‘नो केन’ म्हणतात. गव्हाणीत ऊस नाही म्हणून मिल थांबली, याची शेतकी अधिकाऱ्याला धास्ती असते. म्हणून तळावर थोडा ऊस राखलेला असतोच. तुम्हीही माणशी एक असे न ठेवता एखाद-दुसरे कार्ड जास्त ठेवा. किती, हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. दोन आठवडे बघा नि बदला.

यानंतरचा प्रश्न जास्त बोचरा आहे. इंदापूरच्या एका वाचक ताईंनी लिहिलेय : “आमच्याकडे प्रत्येक कार्डाला सर्वोच्च प्राधान्य लावलेले असते. मग मर्यादा पाळायची कशी?”

ताई, याला आमच्याकडे ‘जळीत ऊस’ म्हणतात. फडाला आग लागली तर तो ऊस कार्यक्रमात कुठेही असो, आधी तोडावा लागतो. नाहीतर हातचा जातो. म्हणून कारखाना जळिताला आधी चिठ्ठी देतो, पण दरात कपातही करतो. नियम रास्त आहे. पण फेब्रुवारी उलटतो, ऊस तुऱ्यावर येऊन वाळायला लागतो, टोळी काही येत नाही. कोणी खुशालीचे पैसे मागतो, कोणी एंट्रीचे, कुणाचा वशिला पुढे घुसतो. मग एखादा शेतकरी स्वतःच काडी लावतो. कपात सोसेन, पण ऊस जाऊ दे. जळिताची वाट सगळ्यांनीच धरली की लागण तारखेच्या यादीला अर्थ उरत नाही आणि जळीतसुद्धा रांगेत थांबते.

तुमच्या फळ्यावर सगळी कार्डे लाल बाणाची झाली असतील, तर लोकांनी आपापल्या फडाला काडी लावलीय असे समजा. त्यांना दटावून काही होत नाही. साध्या वाटेने नंबर लागतो याची खात्री वाटली की काड्या आपोआप कमी होतात. तोवर सॉफ्टवेअरमध्ये एक करा. फळ्यावर सगळ्यात वर ‘जळीत’ नावाचा आडवा पट्टा आखा. जिरात त्याला स्विमलेन म्हणतात. त्यात एका वेळी एकच कार्ड राहील असे सगळ्यांनी ठरवून घ्या. दुसरे आले तर पहिले मागे न्यायचे, आणि ते ज्याचे असेल त्याला दुसरे आणणाऱ्यानेच तोंडावर सांगायचे. ही कपात पुरते, असा माझा अनुभव आहे.

आता बाकीचे प्रश्न भराभर घेतो.

स्प्रिंट, म्हणजे ठरलेल्या मुदतीचा कामाचा टप्पा, संपली आणि कार्डे उरली तर? स्प्रिंट बंद करताना सॉफ्टवेअरच विचारते, पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकू की यादीत परत? बहुतेक जण डोळे झाकून पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकतात. मी यादीत परत टाकतो. खरेच लागणारे असेल तर ते पुन्हा वर येते.

कार्डाला दिलेले पॉइंट म्हणजे तास का? नाही. आमच्या आबांनी एकदा स्क्रीनकडे बघत विचारले, “पॉइंट म्हंजी टन का रं?” मी हो म्हणणार होतो. तेच म्हणाले, “टन तर काट्यावर कळत्याती.” बांधावर उभे राहून एवढेच सांगता येते, की हा फड त्या फडाच्या दीडपट आहे. पॉइंट म्हणजे तो बांधावरचा अंदाज. त्याची बेरीज करून दोन चमूंची तुलना करणे म्हणजे न तोडलेल्या उसाची पट्टी मागणे.

‘इश्यू’ हा शब्द जिरातून कुठे गेला? त्याला आता ‘वर्क आयटम’ म्हणतात. मला पटले. कुणी साधे काम सांगितले तरी त्याला ‘इश्यू’ म्हणायचे, म्हणजे सुनेने चहा टाकला तरी ‘काय भानगड आहे’ विचारण्यासारखे होते. नावाचा विषय निघालाच आहे तर एका वाचकाची शंकाही फेडतो. जिरा आणि फोडणीचे जिरे यांचा संबंध नाही. ते नाव गॉडझिला या राक्षसाच्या जपानी नावावरून आले आणि ते नाव आहे ‘गोजिरा’. मराठी कानाला एवढा लाडिक वाटणारा राक्षस दुसरा नसेल.

नव्या सोयींपैकी कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बरेच जण विचारतात. एका मोठ्या कामाचे तुकडे पाडून देणे, चाळीस प्रतिक्रियांचा चार ओळींत सारांश करणे, ही कामे ती बरी करते. तुकडे पाडण्यात माझे एक भांडण आहे. एका क्लिकवर बारा कार्डे तयार होतात आणि तयार झाली म्हणून ‘चालू’त ढकलली जातात. चिठ्ठ्या छापायचे यंत्र मिळाले म्हणून गव्हाण मोठी होत नाही.

त्यापेक्षा जुनीच एक सोय चालू करा, असे मी सांगेन : कार्ड एका रकान्यात किती दिवस पडून आहे ते दाखवणारी. जिरात फळ्याच्या सेटिंगमध्ये ती आहे, दिवसांप्रमाणे कार्डावर ठिपके वाढत जातात. ट्रेलो या सॉफ्टवेअरमध्ये ‘कार्ड एजिंग’ घेतले तर कार्ड फिकट होत जाते. त्यातला चाच्यांचा प्रकार निवडला तर ते जुन्या नकाशासारखे पिवळे पडून कडेने फाटायला लागते. गंमत म्हणून केले असावे, पण फाटके कार्ड मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बघवत नाही.

आमच्या चमूत एकदा घाईच्या दिवसांत मर्यादा काढून टाकली. ‘चालू’ आणि ‘तपासणी’ मिळून एकतीस कार्डे झाली. प्रत्येक जण दिवसभर कामात, रोज सकाळी प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असायचे. मर्यादा परत घातली, ‘तपासणी’ला फक्त तीन. त्याबरोबर एक कार्ड उघडे पडले : ‘पावतीवर जीएसटी क्रमांक छापला जात नाही’. एकोणीस दिवस तिथेच होते. दुरुस्ती दोन ओळींची, ती पहिल्याच दिवशी झालेली. चाचणीच्या सर्व्हरचा पासवर्ड बदलला होता आणि नवा पासवर्ड कुणाकडे मागायचा हे तपासणाऱ्या मुलीला माहीत नव्हते. नवी नोकरी, विचारायला संकोच. हातात दुसरी आठ कार्डे होती, ती त्यांच्याकडे वळली. मर्यादा असती तर दुसऱ्याच दिवशी तिला विचारावे लागले असते.

टोयोटाच्या पद्धतीवर बोलणारे लोक एक दाखला देतात. साठा म्हणजे पाणी, पाणी उतरवले की तळाचे खडक दिसतात. पळसदेवच्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. आमचे जुने गाव उजनीच्या पाण्याखाली गेले, गाव वर हायवेला येऊन बसले. पळसनाथाचे जुने देऊळ तिथेच राहिले. आत्ता तिकडे बघाल तर नुसते पाणी आहे, होड्या आहेत, आणि भिगवणच्या बाजूला पाहुणे पक्षी यायला लागलेत. ज्या उन्हाळ्यात धरण उण्यात जाते त्या उन्हाळ्यात आधी शिखर दिसते, मग मंडप, मग गाळात रुतलेल्या शिळा. पुण्या-मुंबईची माणसे गाड्या घेऊन फोटो काढायला येतात. आबा मात्र देवळाच्या अलीकडे-पलीकडे बघत कुठे वाट होती, कुठे वाडा होता ते सांगत राहतात.

या आठवड्यात एवढे करा. ‘चालू’ची मर्यादा आहे त्यापेक्षा एकाने उतरवा आणि पहिले अडलेले कार्ड कोणते, ते कशापायी अडले ते दोन ओळींत लिहून पाठवा. माणसांची नावे नकोत. पुढच्या भागात त्यातलीच तीन-चार घेऊ. माझा पुढचा भाग एखाद दिवस उशिरा आला तर सांभाळून घ्या, आमच्या आडसालीची चिठ्ठी कालच आलीय.